पुंडलिकनगरच्या बसला मेंढरांचा कायदा

आमच्या घरात बस चुकण्याची परंपरा आहे, आणि ती मी सुरू केली.

माझ्या आधी कुणाची बस चुकलीच नाही, कारण पुंडलिकनगरात बस येतच नव्हती. तेव्हाचं पुंडलिकनगर म्हणजे निम्मी घरं, निम्मे मोकळे प्लॉट, आणि पावसाळ्यात चपला हातात घेऊन तुडवायची काळी माती. शहरात त्या वर्षांत दोन गोष्टी हमेशा चाललेल्या असायच्या. कुठंतरी नव्या कारखान्याचा पाया खणला जायचा आणि कुठंतरी विद्यापीठाच्या नामांतरावरून मोर्चा नाहीतर बंद असायचा. बंद म्हटलं की शहरातल्या बसगाड्या आधी डेपोत जाऊन बसायच्या. आम्हाला त्याचं काय! ज्याच्या दारात म्हैसच नाही, त्याचं दूध नासणार तरी कसं?

माझं लग्न नवं होतं, मॅट्रिकचा निकाल जुना होता, आणि अक्कल नुसती ओसंडून वाहत होती (असं मला वाटायचं). शेजारच्या साळवेताई चिकलठाण्याच्या एका कारखान्यात रेडिओचे सुटे भाग जोडायच्या. तिथं आणखी बायका घेणार होते. ताईंनी माझं नाव सुचवलं, मी जाऊन बारीक तारा जोडून दाखवल्या, आणि निरोप आला : शुक्रवारी सकाळी भोंग्याच्या आत हजर व्हा, नाहीतर जागा दुसरीला.

घरी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सुपारी कातरता कातरता निकाल दिला. सून कुणाच्या सायकलीवर डबलशीट जाणार नाही. टेम्पोला लटकणार नाही. रानातून एकटी चालत जाणार नाही. "दारातून बस गेली, तर खुशाल जा." दारात समुद्र आला तर पोहायला जा, म्हणण्यातला हा प्रकार. नवरा सायकलीला तेल देत बसला होता. तो तेलच देत राहिला.

आणि बस आली की हो!

गुलमंडीवरून निघून आमच्या कोपऱ्यावरून चिकलठाण्याला जाणारी, लाल, जरा एका बाजूला कललेली. कंडक्टरनं खुलासा केला की गाडी तूर्त परीक्षेपुरती आहे. शुक्रवारी ऑफिसातले साहेब स्वतः बसून जाणार. माणसं बसली तर गाडी राहील, नाहीतर बंद. मामंजींनी लगेच शब्दाला शेपूट जोडलं. "परीक्षेची बस ही काय बस नव्हं. शुक्रवारी भरून निघाली, तर तू बी जा."

आता बस भरायला काय लागतं? माणसं. आणि माणसं तर रोज अख्खी कॉलनी भरून यायची. फक्त बघायला! पोरं पत्र्यावर हात फिरवायची. एक म्हातारबाबा टायरला काठी लावून मापं घ्यायचे. सासूबाईंना शंका होत्या. डायव्हर मधेच उतरून चहाला गेला तर बस त्याच्यासाठी थांबती का? रस्ता त्याला कोण सांगतं? उलटीकडून दुसरी बस आली तर आधी कोण सरकतं? एवढं सगळं विचारून झालं की मंडळी बसला निरोप द्यायची आणि त्याच रस्त्यानं, बसच्या मागोमाग, धूळ खात पायी कामाला जायची. आत एकट्या साळवेताई. खिडकीतून हात हलवायच्या, राणीसारख्या.

मला लहानपणापासून 'का' विचारायची खोड. मी घरोघरी जाऊन विचारलं, बाबांनो, चालून टाचा फुटल्या, मग बसत का नाही? उत्तरं ऐकून मी चाट पडले. एक म्हणाला, रिकाम्या गाडीत एकट्यानं बसलं की चोरासारखं वाटतं. एकीला वाटायचं, बसमध्ये कुणी नाही म्हणजे त्या बसमध्ये काहीतरी खोट असणार. सायकलवाला म्हणाला, आधी दुसरे बसू द्या, मग बघू. दुसरेही हेच म्हणत होते. साळवेताईंना सांगितलं तर त्या हसल्या. "आमचे हे रोज मोर्चाला जायलेत. एक नाव बदलायला लोकांना इतकी वर्षं लागायलीत, आन् तू म्हणतीस चार दिवसांत पाय बसकडं वळावेत?"

पण मला उत्तर सापडलं होतं. माझे वडील मेंढरं राखायचे. मेंढरू एकेकटं कधीच वाघरीत, म्हणजे रात्रीच्या जाळीच्या कोंडवाड्यात, शिरत नाही. त्याला ढकला, ओढा, चारा दाखवा, ते दारात उभं राहून तुमच्याकडं बघत राहतं. पण घुंगरू बांधलेला एडका, म्हणजे कळपातला नर, आत घाला, की बाकीची एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत आत. मला फक्त पुंडलिकनगरचा एडका शोधायचा होता. आणि तो आमच्याच चुलीपुढं बसलेला होता.

सासूबाई! त्यांनी ज्या गाड्यावरून मिरच्या घ्याव्यात, त्याच गाड्यावर कॉलनी तुटून पडायची. त्यांनी एकदा कपाळावरचं कुंकू जरा मोठं लावलं, तर आठवडाभरात सगळी गल्ली जोगवा मागायला निघाल्यासारखी दिसायला लागली. (एडक्याची ही उपमा मी त्यांना नंतर सांगितली, पण त्यांच्या फोटोला.)

शुक्रवारी चिकलठाण्याचा आठवडी बाजार असतो. मी आदल्या दिवशी पीठ मळता मळता सासूबाईंना सहज म्हटलं, "आत्याबाई, बाजारात लसणाचा भाव उतरलाय म्हणं. आन् बस थेट दारातून जाती." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "खिडकीची जागा मिळंल का?"

बस झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं की त्या जाणार. शुक्रवारी सकाळी कोपऱ्यावर जी गर्दी जमली, ती मी लग्नातसुद्धा बघितली नव्हती. पिशव्या, पाट्या, डोक्यावर टोपली, टोपलीत कोंबडी. एकीनं विकायला शेळीच आणली होती. साहेब पुढच्या सीटवर वही मांडीवर घेऊन बसलेले. मामंजी भिंतीला सायकल टेकवून, बस भरते का ते बघत उभे. मी दारापाशी काठी नसलेल्या धनगरासारखी उभी राहिले. आधी सासूबाईंना चढवलं. त्या खिडकीत टेकल्या, आणि कायदा लागू झाला! माणसं अशी घुसली की कंडक्टरची टोपी एका बाजूला आणि तो दुसऱ्या बाजूला. तो ओरडत होता, "अम्मा, आगे सरको, आगे पूरा मैदान पडा है! ओ बाई, बकरी नीचे! बकरी का स्टॉप नहीं है ये!"

शेळी खाली राहिली. बाकी सगळं आत गेलं. एरवी साळवेताईंच्या ओट्यावर क्षणभर न टेकणाऱ्या आमच्या सासूबाईंनी स्वतः सरकून त्यांना आपल्या सीटवर जागा दिली म्हणे. (म्हणे अशासाठी, की मी ते पाहिलं नाही. का पाहिलं नाही, तेच सांगते.)

वडिलांची शिकवण माझ्या हाडात होती. मेंढरं आत जाताना धनगर दाराशी थांबतो, प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून मोजतो, आणि शेवटचं पिल्लू आत गेल्यावर मग आपण वळतो. मीही थांबले. प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवला. "चला, व्हा पुढं, मी हायेच मागून." शेवटची पाठ आत गेली, मी समाधानानं पायरीवर पाय ठेवला, आणि तिथं पायरीच नव्हती. तिथं पाय होते. सगळ्या गल्लीचे. घंटी वाजली, ठण ठण, आणि पुंडलिकनगरची पहिली भरगच्च बस, जी मी भरली होती, मला सोडून निघून गेली.

कोपऱ्यावर मी, एक शेळी आणि मामंजी.

मी रडायचीच बाकी होते. नोकरीही गेली आणि घरी तोंड दाखवायची सोयही गेली. मामंजी धुळीकडं बघत होते. मग त्यांनी भिंतीला टेकवलेली त्यांची जुनी सायकल ओढली आणि कॅरियरवर हात आपटला.

"बस."

"मामंजी, डबलशीट?"

"मी काय म्हणलो व्हतो? बस भरली तर जा. भरली का न्हाई? मग शब्द तो शब्द. पदर आवर."

सून कुणाच्या सायकलीवर बसणार नाही म्हणणारा माणूस मला घेऊन सायकलीवर निघाला. डोक्याला फेटा, तोंडानं फुसफुस, आणि जालना रोडवर येणारे-जाणारे थांबून बघायलेले. चार ओळखीचे भेटले. त्यांना मामंजींनी रामराम केला नाही. दमच उरला नव्हता.

बस पुढं दिसत होती, कारण ती धड जातच नव्हती. आत एडका होता ना! रस्त्यानं चालणारं ओळखीचं कुणीही दिसलं की सासूबाई खिडकीतून हाळी द्यायच्या, "या की, जागा हाय!" जागा मुंगीलाही नव्हती, पण बस थांबायची. आम्ही जवळ पोचायचो, मागच्या काचेतून सगळी गल्ली आम्हाला हात करायची, आणि ठण ठण! बस निघायची. पुन्हा थांबायची, पुन्हा आम्ही, पुन्हा ठण ठण. एकदा तर सासूबाईंनीच बाहेर मुंडकं काढलं. "आवं, जरा दमानं! आन् तू गं, बसमधी का न्हाई बसलीस?"

मी मामंजींच्या फेट्याआड तोंड लपवलं.

कारखान्याच्या गेटाशी बस आणि सायकल एकदमच थांबल्या. साहेब हवा खायला खाली उतरले होते, शर्टाची निम्मी बटणं गर्दीत सोडून. त्यांनी मला बघितलं, कमरेवर हात ठेवून वाकलेल्या मामंजींना बघितलं.

"बाई, दारातून बस असताना सायकलीवर का आलात?"

"जागा नव्हती साहेब."

साहेबांनी बसकडं बघितलं. दारातून अजून एक कोंबडी बाहेर यायची खटपट करत होती. "आम्हाला तर सांगितलं होतं, ह्या रस्त्यावर माणसंच मिळणार नाहीत."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामंजी श्वास घेत घेत बोलले. "माणसं... हायत साहेब. पर माणूस बसला... दिसल्याबिगर... माणूस बसत न्हाई." माझा सिद्धांत! माझ्या डोळ्यांदेखत! पण भोंगा वाजला आणि मला पळावं लागलं.

बस राहिली. पुढं तिच्या दोन झाल्या. नोकरीही राहिली, निवृत्तीपर्यंत. पुंडलिकनगरात बस कुणी आणली, असं विचारलं की मामंजी म्हणायचे मी, सासूबाई म्हणायच्या मी, आणि त्या शेळीची मालकीण म्हणायची, आमच्या शेळीला तर उतरवलं होतं.

आता माझी नात ह्याच विषयाचं शिक्षण घेते. गाड्या कमी करा, सगळ्यांनी बसनं जा, म्हणजे हवाही राहील आणि रस्ताही. मी तिला एडक्याचा कायदा सांगितला, तो तिनं आजकालच्या पोरींसारखा मोबाईलवर टिपून घेतला. मागच्या आठवड्यात तिनं आमच्या अख्ख्या सोसायटीला नव्या विजेच्या बसनं हर्सूलच्या तलावावर न्यायचं ठरवलं. पुढं एडका म्हणून सेक्रेटरींना घातलं. गर्दी चांगली झाली. मला म्हणाली, "आजी, तू आधी चढ."

"तुम्ही व्हा पुढं," मी म्हटलं, "मी हायेच मागून."

ह्या नव्या बसला घंटी नसते. दार आपोआप मिटतं, आवाजसुद्धा करत नाही.

थोड्या वेळानं फोन वाजला. "आजी, कुठल्या सीटवर आहेस? दिसत नाहीस."

"स्टॉपवर हाये," मी म्हटलं. "काळजी करू नको. मोजली मी. सगळी चढली."