तिरका डोळा

काल कारखान्यात ओल्या रंगाचा वास आला आणि मी सवयीने पंखा बंद करायला उठलो. पंखा बंदच होता. गणपतीचे डोळे आखताना पंखा लावत नाहीत, धूळ रंगाला चिकटते. आमच्या पेणच्या कारखान्यात डोळे माझी बायको सुमन आखायची. ती जाऊन दोन वर्षं झाली.

त्या वासाबरोबर एक जुना श्रावण आठवला. रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिची पाळी कायमची गेल्याचं नुकतंच सांगितलं होतं. आम्हाला मूल नव्हतं. आखता आखता तिच्या अंगातून वाफा निघू लागल्या, मान घामाने भिजली. मी ओला पंचा तिच्या मानेवर ठेवला आणि मागे बसून पुठ्ठ्याने जपून वारा घालू लागलो.

"एवढ्यांना डोळे दिले," ती म्हणाली, "पण आपल्याकडं बघायला एक पण राहिला नाय."

मग तिने आमच्या घरचा गणपती पुढे ओढला आणि ब्रश माझ्या हातात दिला. "ह्याचे तुम्ही काढा."

"मला जमायचं नाय गो." मी जन्मभर माती मळणारा माणूस. डावा डोळा तिरका झालाच. पुसायला गेलो, तर तिने हात धरला.

"राहू द्या. तुमच्यावर गेलाय."

भाद्रपदात दीड दिवसाच्या विसर्जनाला नदीवर मी मूर्ती घ्यायला हात पुढे केले, तेव्हा तिने ती पदराखाली धरली होती. मला वाटलं, रंग उतरू नये म्हणून असेल.

पाऊस तर पडत नव्हता.