हाब्बोचं मनगट

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी हाब्बोने हात द्यायच्या ऐवजी मनगट पुढे केलं.

आमच्या वर्कशॉपमध्ये आल्या आल्या प्रत्येकजण प्रत्येकाशी हात मिळवतो. 'मॉइन' म्हणायचं, हात दाबायचा, कामाला लागायचं. ज्याचे हात ग्रीसने माखलेत त्याने मूठ वळून मनगट पुढे करायचं, समोरच्याने ते धरायचं, झालं. पण माझ्या इथल्या तेवीस वर्षांत हाब्बोने कुणाला मनगट दिलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि सकाळी सात वाजता, एका नटबोल्टलाही हात लावायच्या आधी, त्याचे हात माखणार कशाने?

"हे काय?" मी विचारलं.

"काय म्हणजे? मॉइन."

"हाब्बो, मूठ उघड."

"तू माझी आई आहेस का, विब्के?"

"आई असते तर कानाखाली दिली असती. उघड म्हणते ना!"

त्याने मूठ उघडली. बोटाच्या प्रत्येक पेरावर चीर पडली होती, तळव्याची सालं निघाली होती आणि अंगठ्याच्या मुळाशी रक्त साकळलं होतं. मी कोठारातली बाई, सुटे भाग मोजून देणारी. यंत्रात सापडलेली बोटं पाहिलीत, कधी डगमगले नाही. पण हे हात मला बघवेनात.

"नाताळच्या आधीपासून आहे," तो म्हणाला. "तेल बाधायला लागलंय या वयात. हल्ली जरा जास्त धुतो. उतरेल."

हाब्बोचे हात म्हणजे काय, हे लेअर शहरापासून समुद्रापर्यंतच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. एकसष्ट वर्षांचा हा माणूस चाळीस वर्षं ट्रॅक्टर आणि दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतोय. लग्न केलं नाही, गाडी जुनी, जॅकेट त्याहून जुनं. शौक एकच, हात धुणं. बेसिनवर भिंतीला हात धुवायच्या पेस्टचा मोठा डबा ठोकलेला असतो. ती नारिंगी पेस्ट, संत्र्याच्या वासाची, अक्रोडाच्या कवचाचा भुगा घातलेली. चिमूटभर घेऊन चोळली की वर्षाचं ग्रीसही निघतं. हाब्बो ती चिमूटभर नाही, मूठभर घ्यायचा, वर ब्रशने घासायचा. हात न धुता कुणी गिऱ्हाइकाच्या स्टिअरिंगला शिवलं तर त्याची धडगत नसे. हाब्बोकडून आलेल्या ट्रॅक्टरवर पांढरा शर्ट घालून बसावं, असं शेतकरी म्हणत. चहाच्या टेबलाशीही तोच कायदा. एकदा तेल कंपनीचा विक्रेता सूटबूट घालून आला, तर हाब्बोने त्यालाही बेसिनकडे पिटाळलं. "तू तेल विकतोस ना? मग धू."

आम्ही हसायचो. मी तर सगळ्यात मोठ्याने.

'जास्त धुतो' म्हणाला आणि मला ओन्नो आठवला.

अकरा वर्षांपूर्वी ओन्नो आमच्याकडे होता. तिशीतला, मितभाषी. इंजिनला नुसता कान देऊन दुखणं सांगायचा. हाब्बोने त्याला हाताला धरून शिकवलं होतं, 'माझ्यानंतर हाच' असं तो उघड बोलायचा. मग ओन्नोचे हात लाल व्हायला लागले, फुटायला लागले. हाब्बोचं निदान तयार होतं. "नीट धूत नाहीस. तेल चिरांत राहतं आणि तेच खातं. परत धू." ओन्नो परत धुवायचा. हाब्बो शेजारी उभा राहून मोजायचा. त्याच्याच सांगण्यावरून मी दुप्पट भुग्याची, कडक पेस्ट मागवली. खास ओन्नोसाठी.

पुढे ओन्नो सकाळी मनगट द्यायला लागला. धुतलेल्या हातांनी. हाब्बोला तो अपमान वाटला. एका सकाळी सगळ्यांच्या देखत त्याने ते मनगट झिडकारलं. "ज्याला स्वतःचे हात नीट ठेवता येत नाहीत, त्याने दुसऱ्याच्या यंत्राला हात लावू नये." ओन्नोने कपाट रिकामं केलं आणि गेला. तेव्हापासून तो डेअरीचा टँकर चालवतो. आमच्या दारावरून रोज जातो. टँकर दिसला की हाब्बो पाठ फिरवतो.

आणि आता तेच हात हाब्बोला आले होते. पाना धरवेना. बोल्ट हातातून सुटायला लागले. हे हात गेले तर या माणसाकडे उरणार काय, या विचाराने मला झोप लागेना. मी त्याला जवळजवळ ओढतच लेअरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी वर्कशॉपमधल्या प्रत्येक वस्तूचा नमुना मागवला: इंजिन ऑइल, डिझेल, ग्रीस, रबर. मी जॅमच्या बाटल्या भरून दिल्या. एका बाटलीत पेस्टही घातली, अशीच, राहायला नको म्हणून. बाईंनी प्रत्येक वस्तूचा ठिपका चिकटपट्टीखाली त्याच्या पाठीवर लावला. पाठीला पाणी लावायचं नाही, असं बजावलं. हाब्बोला आयुष्यात एवढी मोठी शिक्षा कुणी केली नसेल.

गुरुवारी निकाल होता. मीही आत गेले, कारण त्याला शर्टाची बटणं काढता येत नव्हती. बाईंनी त्याच्या पाठीचा फोटो काढून त्याच्या समोर धरला.

"तेल, काही नाही. डिझेल, काही नाही. ग्रीस, रबर, काही नाही." मग त्यांनी एका चौकोनावर बोट ठेवलं. तो कच्च्या मांसासारखा लाल होता. "ही तुमची हात धुवायची पेस्ट. नासू नये म्हणून तिच्यात जे औषध घालतात, ते तुम्हाला सोसत नाही. दिवसातून किती वेळा धुता?"

"वीसेक वेळा."

"आणि चिरा पडल्यापासून?"

"तीस," हाब्बो म्हणाला. "ब्रशने."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, आगीत तेल ओतत होतात की तुम्ही!"

"म्हणजे काम सोडावं लागेल?" चाळीस वर्षांत त्याचा आवाज असा कुणी ऐकला नसेल.

"काम कशाला? पेस्ट सोडा. सौम्य साबण, कामाआधी मलम, हातमोजे. तीन-चार महिन्यांत हात पहिल्यासारखे होतील."

मी सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सुटलाही नव्हता, तेवढ्यात बाईंनी कागदावर लिहिता लिहिता सहज विचारलं, "सगळ्यांना नाही होत हे. एखाद्यालाच. तुमच्याकडे आणखी कुणाला झालं होतं का?"

हाब्बोकडे बघायची हिंमत झाली नाही. मी त्याच्या शर्टाची बटणं लावत राहिले आणि एक बटण चुकीच्या काजात गेलं.

गाडीत तो एकच वाक्य बोलला. "पेस्ट सोडायची, विब्के. एवढंच होतं." थोड्या वेळाने पुन्हा, "एवढंच."

शनिवारी दुपारी आम्ही ओन्नोकडे गेलो. दोन्ही हातांना मलमपट्टी बांधलेला हाब्बो रस्ताभर बोलायची तालीम करत होता, ओठ हलत होते. ओन्नो घरामागच्या शेडमध्ये होता. शेडमध्ये शेजाऱ्याचा ट्रॅक्टर उघडून ठेवलेला, इंजिन खाली काढलेलं, आणि ओन्नोचे हात कोपरापर्यंत काळे. काळे, पण धडधाकट! एक चीर नाही. मी बघतच राहिले. या हातांना यंत्र सोसत नाही, असं आम्ही सगळे अकरा वर्षं धरून चाललो होतो.

ओन्नोने साध्या साबणाने हात धुतले, आम्हाला आत नेलं आणि चहा ठेवला. आमच्याकडे पाहुण्याने तीन कप घ्यायचेच असतात. पहिल्या कपात खडीसाखर तडकली, वर साय सोडली. दुसऱ्या कपाला हाब्बोने सगळं सांगितलं. पाठीवरचा चौकोन, तीस वेळा, ब्रश. शेवटी म्हणाला, "तुझं काही चुकलं नव्हतं. मी घालवलं तुला."

"माहीत आहे," ओन्नो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"पेस्टचं. तुमच्याकडून गेलो, पेस्ट सुटली, चार महिन्यांत हात बरे झाले. मग इथे शेडमध्ये इंजिनं उघडायला लागलो. काही झालं नाही. तेव्हाच कळलं."

माझा तोल गेला. "अकरा वर्षं? अरे, आणि बोलला नाहीस? हा माणूस रोज त्यातच हात घासत होता!"

"आलो होतो सांगायला." ओन्नो माझ्याशी बोलत होता, पण बघत होता हाब्बोकडे. "त्या हिवाळ्यात रस्त्यावरून गोळा घरंगळवत न्यायचे सामने होते, आठवतं? सगळं गाव होतं. मी सरळ तुझ्यापाशी आलो आणि हात पुढे केला. पूर्ण पंजा, उघडा. म्हटलं, आधी हात दाखवावा, मग बोलावं. तू काय केलंस?"

हाब्बोचा कप बशीवर वाजला.

मला आठवलं. मी तिथेच होते. हाब्बोने ओन्नोकडे बघितलं, छद्मी हसला, मूठ वळली आणि मनगट पुढे केलं. ओन्नोचीच नक्कल. लोक हसले होते. मीही. म्हणजे हाब्बोने कुणाला मनगट दिलेलं मी पाहिलं नव्हतं, हे खोटंच. पाहिलं होतं, हसले होते आणि विसरले होते.

"मग मी गेलो," ओन्नो म्हणाला. "पुढे सांगायची इच्छाच राहिली नाही. ते माझंही चुकलंच."

त्याने तिसरा कप ओतला. हाब्बोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता, कारण पट्टीतूनही खारं पाणी चिरांना झोंबतं. कप रिकामा करून त्याने चमचा आत ठेवला, म्हणजे झालं, आता निघायचं. दारात तो थांबला. एका हाताची पट्टी त्याने दातांनी सोडवली, आणि ते फुटलेलं, ओलं बोटन् बोट पसरून पूर्ण पंजा ओन्नोपुढे धरला. ओन्नोने करकचून दाबला असता तरी तो हूं की चूं करणार नव्हता. त्यासाठीच त्याने तो धरला होता, हे मला दिसत होतं.

ओन्नोने त्या हाताकडे बघितलं. मग त्याने पंजाला न शिवता वरचं मनगट अलगद धरलं.

"पंजा दाबला की मस्तकात कळ जाते," तो म्हणाला. "माहीत आहे मला."