हातमोजा सैल झाला तेव्हा

नांदेडच्या डॉक्टरांनी माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांत एक कोरा कागद दिला. "घट्ट धरा, मी ओढतो," म्हणाले. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. त्यांनी अलगद ओढला आणि कागद निघून आला. उजव्या हातात तोच कागद दिला, तेव्हा तो फाटला, पण सुटला नाही.

मग त्यांनी गुडघ्यांवर रबरी हातोडी मारून पाहिली. जीभ बाहेर काढायला लावली आणि टॉर्चच्या उजेडात बराच वेळ जिभेकडं बघत राहिले.

"काम काय करता?"

"गोल्फ खेळतो."

"हौस म्हणून?"

"न्हाई सर. पोटच त्याच्यावर हाय."

त्यांनी टॉर्च खाली ठेवला. "सोबत कोण आलंय? त्यांना आत बोलवा."

बाहेर माझी मोठी बहीण बसली होती, मंगलअक्का. ती आत आली, पण खुर्ची असून बसली नाही. डॉक्टरांसमोर आदल्या दिवशीचा इएमजीचा रिपोर्ट होता. इएमजी म्हणजे स्नायूंत बारीक सुया टोचून त्यांच्यातली वीज मोजायची तपासणी. डॉक्टर म्हणाले, "मोटर न्यूरॉन डिसीजचा संशय आहे. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी यात मरत जातात. आधी हात, मग पाय, मग गिळणं, श्वास. बुद्धी शाबूत राहते. अजून खात्री नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासू. तोवर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या."

अक्कानं विचारलं, "किती दिवस?"

"त्यावर आत्ता नको बोलायला."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो.

आमचं गाव कंधार तालुक्यातलं. वडील लवकर वारले आणि माय मला घेऊन पुण्याला गेली. तिथं एका गोल्फच्या मैदानावर तिला तण काढायचं काम लागलं. ज्या बारीक गवतावर खेळाडू शेवटचा हलका फटका मारून चेंडू भोकात घालतात, त्याला ग्रीन म्हणतात. त्या फटक्याला पुट म्हणतात. माय रोज त्या ग्रीनवर उकिडवी बसून खुरप्यानं एकेक काडी उपटायची. पाणी टाकलं की कोणत्या ग्रीनवर ते कोणीकडं वाहतं, हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. चेंडूही तिकडंच वळतो. मोठे लोक पैसे देऊन जे शिकत, ते मी तिच्या शेजारी बसून शिकलो.

लोकांच्या गोल्फच्या काठ्यांच्या बॅगा उचलता उचलता खेळू लागलो. सतराव्या वर्षी व्यावसायिक झालो, विसाव्या वर्षी पहिली मोठी स्पर्धा जिंकली आणि पुढच्या वर्षी हंगामाचा विजेता ठरलो. गावच्या फाट्यावर माझा फोटो लागला. त्यावर 'गोल्प सम्राट' असं लिहिलं होतं. गावी गेलो की म्हातारी माणसं विचारायची, "तू ते हाकी खेळतूस ना रं?" मी हाव म्हणायचो.

गोल्फर डाव्या हातात कातडी मोजा घालतात. तो अंगच्या कातडीसारखा बसावा लागतो. तेविसाव्या वर्षी उत्तरेकडच्या एका स्पर्धेत, कडाक्याच्या थंडीत, माझ्या मोज्याला अंगठ्याजवळ सुरकुती पडली. वाटलं, मोजा खराब निघाला. दुसरा घातला, त्यालाही सुरकुती. मोजे बरोबर होते. त्यांच्या आतला हात बारीक होत चालला होता.

मग थंडीत बोटं आखडू लागली. शर्टाचं बटण लागेना. हात समोर धरला की बोटं हलकी थरथरायची. मी कुणाला बोललो नाही. क्लबची, म्हणजे खेळायच्या काठीची, मूठ जाड करून घेतली. लांबचे फटके आखूड पडू लागले, तेव्हा ठरवलं की सगळी कसर पुटवर काढायची. दिवसाचे चार चार, पाच पाच तास मान खाली घालून पुट मारत राहिलो. त्याच दुबळ्या हातानं आणखी एक स्पर्धा जिंकलो. पेपरात आलं की माझ्यासारखा पुट सध्या कुणाचाच नाही.

पुण्यात दाखवलं असतं तर चार दिवसांत सगळ्या मैदानांवर बातमी गेली असती. ज्याचा हात जातोय, त्याच्या टोपीवर कोणती कंपनी पैसे देऊन आपलं नाव छापेल? म्हणून मी अक्काकडं, तिच्या सासरी अहमदपूरला आलो. तिथून नांदेड एका बाजूला, लातूर दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडं मोठमोठे दवाखाने आणि मला ओळखणारं कुणी नाही.

तर त्या संशयाचं ओझं घेऊन आम्ही एसटीनं परतलो. लोह्याला गाडी थांबली तेव्हा अक्का माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "मायला काय सांगायचं?"

"नस दबली म्हन."

माय पुण्याहून आली. माझा हात मांडीवर घेऊन ती तेल चोळायची. अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडला होता, तिथं तिचं बोट थांबायचं. मग ती पुन्हा तेल घ्यायची. मी दिवसातून दहादा आरशासमोर जीभ काढून बघायचो. जीभ थरथरू लागली तर आजार वर चढतोय, असं मोबाईलवर वाचलं होतं. घास अडकला की ताट सोडून पुन्हा आरशाकडं जायचो. उजव्या हातानं कागद धरून डाव्यानं ओढायचो, मग उलट. एकदा अक्कानं बघितलं आणि कागद हातातून काढून घेतला.

पाचव्या आठवड्यात अक्का मला लातूरला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर वयानं अक्काएवढ्याच असतील. बाहेर बाकावर अडीच तास गेले. आत त्यांनी सगळे कागद वाचले आणि विचारलं, "वर्ष उलटलं तरी पायात काही नाही? जीभही थरथरत नाही. थंडीत जास्त होतं?"

"हाव मॅडम. थंडीत बोटं लाकडावानी होतात."

"गोल्फ मी कधी पाहिलेलं नाही. कसं उभं राहता, दाखवा."

कोपऱ्यात कुणाची तरी छत्री राहिली होती. ती घेऊन मी पुटसाठी उभा राहिलो. मान खाली, हनुवटी छातीकडं, नजर चेंडूच्या जागी. त्या बाजूला येऊन माझ्या मानेकडं बघू लागल्या.

"असं दिवसाला किती वेळ?"

"चार-पाच तास. लहानपनापासून."

"एमआरआय मान वाकवून काढलाय का कुणी?"

कुणीच काढला नव्हता. एमआरआय म्हणजे चुंबकाच्या नळीत झोपवून शरीराच्या आतले फोटो घेणं. तो नेहमी मान सरळ ठेवून काढतात आणि माझा तसा रिपोर्ट चांगलाच होता. या वेळी डोक्याखाली उशा घालून हनुवटी छातीला टेकवली. नळीत यंत्र ठकठक करत होतं आणि माझी बोटं पोटावर आपोआप उडत होती.

संध्याकाळी डॉक्टरांनी दोन फोटो शेजारी शेजारी लावले. "मान सरळ असताना मज्जारज्जूला मोकळी जागा आहे. मान वाकवली की मागचं आवरण पुढं सरकतं आणि रज्जूला चेपतं. रोज तासन्‌तास चेपून हाताच्या पेशी मेल्या. याला मोनोमेलिक अमायोट्रॉफी म्हणतात, म्हणजे एकाच हाताचे स्नायू झिजणं. कोवळ्या वयात होतं आणि बहुतेकांचं काही वर्षांत थांबतं. हा आजार जीव घेत नाही."

अक्का भिंतीला टेकली आणि तोंडाला पदर लावून रडली. मी विचारलं, "हात परत येईल?"

"गेलेला येत नाही. राहिलेला वाचवायचा. आजपासून गळ्याला पट्टा. मान वाकवायची नाही."

"आनि पुट?"

"नाही."

हंगामाची शेवटची स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. म्हटलं, "एवढी एक खेळून घेतो. मग पट्टा काढणार न्हाई."

"मी तुम्हाला बांधून ठेवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण यात उजवा हातही जाऊ शकतो. हे मी कागदावर लिहून देते."

मी गेलो. हे वाचणाऱ्याला माझा राग येईल, तो मलाही येतो. अक्का दारात आडवी उभी राहिली होती. "मरायचं भेव गेलं की लगेच अक्कल गेली का रं तुझी?" मी तिला बाजूला सारून बॅग उचलली.

तीन दिवस चांगले गेले. शेवटच्या दिवशी मी दुसऱ्या नंबरवर होतो. चौदाव्या ग्रीनवर पुट मारून चेंडू उचलायला वाकलो, तर उजव्या हाताची करंगळी सरळ होईना. डाव्या हातानं सरळ केली, तरी ती पुन्हा वाकली. लोक टाळ्या वाजवत होते. मी सोबतच्या खेळाडूला म्हणालो, "मी थांबतो." त्याला वाटलं ऊन लागलं असेल.

लातूरच्या डॉक्टर रागावल्या नाहीत. उजव्या हातात कागद धरायला सांगितला आणि ओढला. तो सुटला. डावा हात नकळत गेला. उजव्याची दोन बोटं मात्र माझ्या हट्टानं गेली.

त्यानंतर पट्टा बांधला. जेवताना ताट स्टुलावर, तोंडासमोर उंच ठेवायचं. चप्पल पायानं चाचपून घालायची. पहिल्या वर्षी उजव्या हाताची आणखी थोडी ताकद गेली. दुसऱ्या वर्षी डॉक्टर म्हणाल्या, "थांबलंय असं वाटतं." आता मी पुण्यात मुलांना शिकवतो. क्लब हातात धरत नाही, तोंडानं सांगतो. माझ्यासारखं कुणाचं होत असेल तर एवढंच म्हणेन, लपवू नका. एकाच मतावर थांबूही नका. आणि बरं वाटलं म्हणून डॉक्टरांशी घासाघीस करू नका.

माझं काय निघालं हे नांदेडच्या डॉक्टरांना सांगायला मी मागच्या महिन्यात गेलो. दुसरं मत घ्या, असं त्यांनीच सांगितलं होतं. तेवढं एक वाक्य त्यांनी म्हटलं नसतं तर मी पुटच मारत राहिलो असतो. त्यांचे आभार मानायचे होते.

बाहेर माझ्या शेजारी उमरीचे एक गुरुजी चाकाच्या खुर्चीत बसले होते. दोन्ही हात मांडीवर निपचित. ते काहीतरी बोलले, मला कळलं नाही. त्यांच्या बायकोनं सांगितलं, "ते विचारायलेत, तुमचं कवापासून हाय?"

"तीन वर्षं झाली."

"यांचं दीड. मोटर न्यूरॉन म्हनले."

गुरुजी माझ्या पट्ट्याकडं, माझ्या हातांकडं बघत होते. खोटं बोलता येईना. "मलाबी आधी तेच म्हनले होते," मी म्हणालो. "पन दुसरंच निघालं. थांबलंय माझं."

बाई माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत जे आलं ते मला बघवेना. "आमीबी लातूरला जाऊन आलो," ती म्हणाली. "हैदराबादलाबी. तेच म्हनतेत सगळे."

गुरुजी पुन्हा बोलले, सावकाश, एकेक अक्षर ढकलत. या वेळी मला कळलं. "लई चांगलं झालं."

आतून नंबर पुकारला, तो त्यांचा नव्हता. बाईला फाईल घेऊन खिडकीवर जायचं होतं. तिनं पाण्याचा ग्लास माझ्याकडं दिला. "जरा पाजता का यांना? थोडं थोडंच."

एका हातानं मला ग्लास धरवत नाही. मी दोन्ही हातांनी धरला. तरी पाणी हलत होतं. मान वाकवायची नव्हती म्हणून मी खाली जमिनीवर, त्यांच्या गुडघ्यांपाशी बसलो आणि ग्लास त्यांच्या ओठांना लावला. ते एक घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि तो खाली उतरेपर्यंत आम्ही दोघंही थांबायचो.