बार्शी ते कुरुळी : पत्रा वाकवायचं मशीन घ्यायला

आमच्या बार्शीच्या वर्कशॉपात धान्याच्या कोठ्यांचा पत्रा हे वाकवायचे आणि मी पलीकडचं टोक धरायचे. हे गेले आणि आठ फुटी पत्रे भिंतीला टेकून तसेच उभे राहिले. दीर म्हणाले, "वहिनी, आता कुलूप लावा." कुलूप लावून काय करू, भिंती बघत बसू? एकटीला चालवता येईल असं मशीन मिळालं तरच वर्कशॉप टिकणार होतं. पुण्याची एसटी पकडली.

मुक्काम कासारवाडीत, स्टेशनजवळच्या लॉजवर. खोली स्वच्छ आहे, पण एकट्या बाईला दहा प्रश्न विचारतात, आधारकार्ड हाताशी ठेवा. सकाळी मिसळ खाल्ली. तिखट, पण झकास. कशी आहे विचारायला समोर कुणी नव्हतं, म्हणून इथे सांगते.

नाशिक फाट्यावरून चाकणची बस मिळते, कुरुळी वाटेतच लागते. शेजारी कुरुळीच्या एक मावशी बसल्या होत्या.

"मशीन घ्यायला? मालक न्हाई आले व्हय?"

"आता यायचे नाहीत."

उतरताना माझी पिशवी त्यांनीच खाली दिली.

कुरुळीत रफिकभाई जुनी मशिनं दुरुस्त करून विकतात. जाणार असाल तर दुपारच्या आत जा, नंतर शेड तापते. हाताचं मशीन सगळ्यात स्वस्त : पत्रा आवळायचा, दांडा उचलायचा, खांदे मोडून घ्यायचे. दुसरं मोठ्या चाकाचं. "हे एकदा खाली निघालं की थांबत नाही, ताई. बोट वाचवायचं आपण," रफिकभाई म्हणाले. तिसरं तेलाच्या दाबावर चालतं, पेडलवरून पाय काढला की जागच्या जागी थांबतं. आकडे भरले की मापात वाकवणारं कॉम्प्युटरचंही होतं. त्याची किंमत ऐकून मी नुसते हात जोडले.

तेलाचं मशीन चालू केलं. रफिकभाईंनी पत्रा ठेवला आणि मी पटकन जाऊन पलीकडचं टोक धरलं.

"ताई, तिकडं काय करताय? इकडं या. पेडल तुम्हालाच दाबायचंय."

मला हलताच येईना. एवढ्या वर्षांत त्या बाजूला मी कधी उभी राहिलेच नव्हते. रफिकभाईंनी चहा मागवला. चहानंतर मी पेडलपाशी गेले. पहिला पत्रा काटकोनात दाबला, पण पाय काढताच तो जरासा उघडला.

"पत्रा थोडा मागं येतोच. दोन अंश जास्त दाबायचा," ते म्हणाले.

आठ फुटी घ्यायचं तर टोक धरायला माणूस ठेवावा लागला असता. ते मला नको होतं. मी तेलाचंच, पण चार फुटी घेतलं.

टेम्पोचं भाडं दोन ठिकाणी विचारा, पहिला नेहमी जास्त सांगतो.

मशीन बसून महिना झाला. छोट्या कोठ्या निघतात, गिऱ्हाईक येतं, दीर आता कुलपाचं नाव काढत नाहीत. मोठ्या कोठीची ऑर्डर आली की मी नाही म्हणते. पत्रा चार फुटांचाच, दोन्ही टोकांना मी एकटी पुरते. तरी पेडल दाबण्याआधी मी पलीकडे बघते, तिथं कुणी नसतं, आणि मग दाबते.