काळ्या तलावाचं पाणी आणि अकरावी ब

कल्याणच्या शाळेत मी शास्त्र शिकवायची. दोन वर्षं मुख्याध्यापकांच्या मागे लागून सूक्ष्मदर्शक मागवून घेतला होता. तो आला त्या आठवड्यात मी सकाळी लवकर निघून काळ्या तलावाचं पाणी औषधाच्या बाटलीत भरून आणलं. एका थेंबात इतके जीव वळवळत होते की शाळा भरेपर्यंत माझा डोळा भिंगावरून निघेना.

अकरावी ब म्हणजे त्या काळचा मॅट्रिकचा वर्ग. तिघातिघांना पुढे बोलावलं. आले, डोळा लावल्यासारखं केलं आणि जागेवर जाऊन बसले. मागे कुणी गणिताच्या वह्या उतरवत होतं, कुणी चक्क पेंगत होतं. चौथ्या बाकावरच्या मुलाला हाक मारली, तर तो उठलाच नाही.

"बाई, हे परीक्षेला आहे का?"

"नाही."

"मग राहू दे ना."

वर्ग हसला. मी विचारलं, "तुला बघावंसंही वाटत नाही?"

"काका मॅट्रिकनंतर रेल्वेत लावणार आहेत, बाई. तिथं हे कोण विचारतंय?" उद्धटपणा नव्हता, म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. त्याला खरोखरच काही वाटत नव्हतं.

"दगड आहात तुम्ही सगळे," मी म्हणाले. "चालते व्हा वर्गाबाहेर." अख्खा वर्ग बाहेर काढला. जाताना कुणाचा चेहरासुद्धा पडला नव्हता. तास बुडाला म्हणून उलट खूशच होते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील आले. मुख्याध्यापकांसमोर मला म्हणाले, "बाई, पास होण्यापुरतं शिकवा. बाकीचं आम्ही बघून घेऊ." मुख्याध्यापक त्यांना काही बोलतील म्हणून मी थांबले. ते मला म्हणाले, "शब्द मागे घ्या आणि विषय मिटवा."

मी घेतले मागे. घरी गेले तरी मुलांपेक्षा त्या दोघांचा आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा राग येत होता.

वर्षभर मग मी त्या वर्गाला पुस्तक वाचून दाखवलं आणि फळ्यावर उत्तरं लिहून दिली. मुलांनी मुकाट्याने उतरवली. एकानेही शंका विचारली नाही. निकाल उत्तम लागला, शिक्षकांच्या सभेत माझं कौतुक झालं. टाळ्या वाजत होत्या आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. अजूनही तो वर्ग आठवला की माझे दात आवळले जातात.