दुसरं ताट

हर्सूलकडच्या त्या कॉलनीत दिवेलागण झाली की घरोघरच्या बायकांना एकच घोर लागतो, रात्रीला काय करायचं? आणि करुणा रस्त्यानं चाललेली दिसली की तो घोर तिच्या गळ्यात पडतो. ती चार घरचा स्वयंपाक करते. कुणी गच्चीवरून विचारतं, कुणी फाटकातून, आणि ती पाय न थांबवता सांगून टाकते. "दोडका हाय ना? मग शिरांची चटणी करा. पोरं भाजी खाईनात? वरणात चकोल्या सोडा, गपगुमान खातील." फुकटचा सल्ला असूनही लोक तो ऐकतात, हे विशेष.

तिची एक शिस्त होती, आई पारूबाईनं लावलेली. लोकाच्या घरी चव घ्यायची नाही. वासावर रांधायचं आणि घरी येऊन आपलं खायचं. पारूबाई लग्नाकार्यात मोठाल्या पातेल्यांवर रांधायची आणि नुसत्या वाफेवरून मीठ कमी की जास्त ते सांगायची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मागं उरली ती तिची येसर आमटी. धान्यं नि मसाले खमंग भाजून दळायचे, ते पीठ पाण्यात कालवून फोडणीवर सोडायचं आणि खाणाऱ्याच्या नाकातून पाणी काढायचं. करुणा ती तशीच करायची. तिची लेक अमृता चितेगावच्या कंपनीत कामाला आहे. रविवारी तिला दुसरं काही नको असायचं.

वैजनाथरावांच्या पत्नी अंबिकाबाई वारल्या आणि करुणा त्यांच्याकडं कामाला लागली. निवृत्त कारकून, एकटा माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, "काहीही करा. मला काहीही चालतं." असं म्हणणाऱ्याला काहीच चालत नसतं, हे करुणा जाणून होती. तिनं अंबिकाबाईंच्या येसरची बरणी काढली. आमटीला उकळी आली, तसा तिचा हात वरच्या फळीवरच्या निळ्या डब्याकडं गेला. डबा तिनं आधी उघडला नव्हता. आत गूळ होता. हातानं एक खडा मोडला आणि आमटीत टाकलासुद्धा.

वैजनाथराव पहिल्या घासाला थांबले. "गूळ घालायचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाय, काका. पडला हातून."

अगदी अंबिकाबाईंचीच चव, असं म्हणत ते ताटावरच रडले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी समोर आणखी एक ताट मांडायला सुरुवात केली. करुणाला त्यांची दया आली, आणि खोटं कशाला बोला, तिची मानही थोडी ताठ झाली.

पुढं मात्र हात फारच शिकला. न बघता किसणी सापडू लागली. कढीलिंब शेवटी पडू लागला. एकदा तर तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, ताटं घ्या." ती त्यांना कधी अहो म्हणत नसे. त्या दिवशी ताटं उचलायला गेली, तर दुसऱ्या ताटातला भात कालवलेला होता.

"तुम्ही कालवला का, काका?"

"मी पाटावरून उठलोच नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

रविवारी तिनं घरी आमटी केली. अमृतानं एक घास घेतला आणि वाटी सरकवली. "आई, ही आजीची नाय. गुळचट लागतीय."

करुणानं चाखून पाहिली. गूळ तर तिनं घातलाच नव्हता. तिच्या घरात गुळाचा खडाही नव्हता. तिनं पुन्हा केली. पुन्हा तीच परकी, गोडसर आमटी. तिसऱ्यांदा मिरची दुप्पट घातली, तर तिखट आणि गोड झाली. मग ती ओट्याला टेकून खाली बसली. लोकाच्या घरी चव न घेण्याच्या नादात आपल्या हातात कोण शिरलंय हे तिला कळलंच नव्हतं. आईचा फोटोही धड नव्हता तिच्याकडं. ही आमटी गेली की आई गेली.

दुसऱ्या दिवशी ती काम सोडायचं ठरवूनच निघाली, पण पदराखाली स्वतःच्या येसरचा डबा घेऊन. वैजनाथरावांच्या ओट्यापाशी तिनं उजवा हात कमरेला खोचला आणि डाव्या हातानं आमटी केली. निळ्या डब्याकडं पाहिलंसुद्धा नाही. उकळत्या आमटीवर वाकून ती नुसतं एवढंच म्हणत राहिली, "आये, ये गं."

नेहमीसारखी दोन ताटं वाढली. वैजनाथरावांनी घास घेतला. त्यांच्या कपाळावर घाम आला. आता बोलतील, वाईट बोलतील, म्हणून ती दाराशी उभी राहिली. ते मान वर न करता बोलले, पण आयुष्यभर सरकारी टिपणासारखं बोललेल्या माणसाचा तो सूर नव्हता.

"मैने, तू जेवलीस का गं? किती दिस वासावर राहशील? बस हितं."

मैना म्हणून तिला फक्त पारूबाई हाक मारायची. ते नाव अमृतालाही ठाऊक नव्हतं.

करुणा दारातून आत आली. ती दुसऱ्या ताटावर बसली आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा लोकाच्या घरी जेवली. नाकातून, डोळ्यांतून पाणी वाहिलं. आमटी आईची होती, अगदी तीच. ती बोटं चाटून खात राहिली.

वर पाहिलं तेव्हा वैजनाथराव आपल्या वाटीकडं बघत होते. "करुणाबाई," ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात हळूच म्हणाले, "आज गूळ राहिला का हो?"

तिला त्यांचा चेहरा बघवेना. ती उठली, निळा डबा काढला. हात डब्यात तसाच थांबला. त्याला आता काहीच आठवत नव्हतं.

"किती घालू, काका?"

वैजनाथरावांनी माप दाखवायला दोन बोटं उचलली आणि ती तशीच राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी अंबिकाबाईंना ते कधी विचारलं नव्हतं.