कंपनीचा वास

आई गेली त्या हिवाळ्यानंतर बाबांनी घरातली एकच गोष्ट दुरुस्तीला काढली. गाडीचा एसी.

गाडी ऐंशीच्या दशकातली. लांब बॉनेट, चौकोनी दिवे, मूळ रंग दुधाच्या साईचा. बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. बदलीवरून आदिलाबादला परतले त्या वर्षी त्यांनी ती एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडून घेतली. कारखान्यातूनच एसी लागून आलेली गाडी तेव्हा गावात क्वचित दिसे. ती घेतली हिवाळ्यात, आणि एसी पहिल्यांदा लावला पुढच्या चैत्रात. तेव्हापासून आमच्या घरात त्या गारव्याला एक वास होता. ओल्या मातीसारखा, पण नुसत्या मातीचा नाही. मागून थोडा कडवट, थोडा गोड. एसी लावला की पाच-दहा मिनिटांत तो यायचा आणि बंद केला की जायचा. बाबा त्याला कंपनीचा वास म्हणत.

गाडीत जो बसेल त्याला ते सांगत. “पाहा, याले म्हणतात कंपनी फिटिंग. बाहेरून बसवलेल्या एसीले हा वास येत नाही.” पाहुणे मान डोलवत. आई पुढच्या डाव्या सीटवर असायची. तिला गाडी लागायची, म्हणून ती जागा तिचीच. ती म्हणायची, “कंपनीले कळवा, वास जरा कमी कर म्हणा. झोप येते आमाले.” बाबांना हे कौतुक वाटे. माझं लहानपण त्या वासात गेलं, आणि तो यंत्राचा आहे याबद्दल मलाही कधी शंका आली नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात एसीचा पाइप फुटला. तेव्हाच्या गॅरेजवाल्याने नवीन एसी बसवा म्हटलं. बाबांनी कॉम्प्रेसर आणि पाइप काढून घेतले, कापसाच्या बारदानात बांधले आणि माळ्यावर ठेवले. डॅशबोर्डखालचा डबा, ज्यात थंड हवा तयार करणारी कूलिंग कॉइल असते, तो गाडीतच राहिला. त्यानंतर आई-बाबा काचा खाली करून हिंडले. आई उन्हाळ्यात डोक्याला ओला पंचा बांधून बसे. एसीचं उद्या-परवा करत राहिलं.

आई गेल्यावर बाबा बोलायचे थांबले नाहीत. जेवत होते, पेपर वाचत होते, गावाबाहेरच्या मावल्याच्या तळ्यापर्यंत फिरून येत होते. मी वर्तमानपत्रातली नोकरी सोडून घरूनच काम करत होते, त्यामुळे हे सगळं दिसत होतं. फेब्रुवारीत एका सकाळी ते माळ्यावर चढले आणि बारदान खाली घेऊन आले.

“तिच्या सीटवर तो गारवा पुन्हा यायले पायजे,” म्हणाले. “एकदा तरी.”

मेकॅनिक आमच्या ओळखीचा. त्याच्या घरची भाजीची वाडी आहे आणि तो गावात गाड्यांच्या एसीची कामं करतो. त्याने बारदानातला कॉम्प्रेसर उचलून पाहिला, त्याची पुली हाताने फिरते का बघितलं. ती फिरली नाही.

“सायेब, हे सोडा. नवीन किट बसवून देतो. बर्फावानी गार करते.”

“त्याले वास येते काय?”

“कायचा वास?”

“कंपनीचा.”

त्याने माझ्याकडे पाहिलं.

“नव्यात कायचाच वास नाही येत, सायेब.”

“मंग नको.”

कॉम्प्रेसर उघडला. आतलं तेल गुळासारखं झालं होतं. पिस्टन सुटे केले, डिझेलमध्ये भिजवले, घासले. पाइपांचं रबर तडकलं होतं. बाबांनी जुनी पितळी टोकं राखून मधला भाग तेवढा नवा करून आणला. बॉनेटमधून काढलेल्या कंडेन्सरच्या पातळ पट्ट्या दुमडल्या होत्या. त्या सरळ करायला मेकॅनिककडे हत्यार होतं, पण बाबांनी घरातली फणी घेतली आणि दोन दुपारी ओसरीत बसून एक-एक ओळ विंचरली. फणी आईची होती.

दोन गोष्टी कुठे मिळेनात: कॉम्प्रेसरच्या दांड्याचं सील आणि कॉइलच्या तोंडाशी असणारा व्हॉल्व्ह. मेकॅनिकने चौकशी केली, तर बेल्लमपल्लीला खाणकामगारांच्या क्वार्टर्सच्या मागे एका भंगारवाल्याकडे याच बनावटीची गाडी असल्याचं कळलं. बाबा आणि मी गेलो. गाडी चाकांविना विटांवर उभी होती, दारं नव्हती. भंगारवाला हिंदीत म्हणाला, जो चाहिए निकाल लो. बाबा आत बसले. सुटे भाग बघण्याआधी त्यांनी डॅशबोर्डखालच्या जाळीला नाक लावलं. बराच वेळ तसेच वाकून होते.

“येते काय?” मी विचारलं.

“बंद आहे न,” ते म्हणाले. “चालू असल्याशिवाय कसा येईल.”

सील आणि व्हॉल्व्ह दोन्ही मिळाले. परतीच्या वाटेवर ते खुशीत होते. ते भाग त्यांनी खिशातल्या रुमालात बांधले होते.

मार्चअखेर मेकॅनिकने डॅशबोर्डखालचा डबा काढला. ओसरीसमोर पोतं अंथरून त्यावर तो उघडला. कॉइल शाबूत होती, पण तिच्या खाली, पाणी साचतं त्या तसराळ्यात, एक काळा गोळा चिकटून बसला होता. धूळ, चिंध्या, काडीकचरा. वाळून दगड झालेला.

“घ्या. उंदीरमामाचा बंगला,” मेकॅनिक म्हणाला. “एसीत राहून राह्यले होते.”

बाबा हसले. त्या महिन्यांत ते पहिल्यांदा हसले. पेचकसाने त्यांनी गोळा स्वतः सोडवला. त्यातून कापडाचा एक तुकडा लोंबत होता, रंग ओळखू येत नव्हता.

“गाडीसंगं हे आलं नव्हतं,” ते म्हणाले. “कंपनीचं नाही ते काहीच आत ठेवायचं नाही.”

त्यांनी तो कचऱ्याच्या बादलीत टाकला. मग तसराळं साबणाने धुतलं, दोनदा, आणि उन्हात ठेवलं. दुसऱ्या सकाळी कचऱ्याची गाडी आली आणि बादली रिकामी झाली.

एप्रिलमध्ये सगळं जोडून झालं. जुना गॅस आता बाजारात मिळत नाही, त्यामुळे तेल आणि सगळे वायसर बदलून आजच्या गॅसवर चालेल असं केलं होतं. बाबांना ते खटकलं, पण इलाज नव्हता. मेकॅनिकने जोडांना साबणाचा फेस लावला. बुडबुडा कुठेच आला नाही. गाडी चालू झाली, कॉम्प्रेसरने खट् आवाज केला आणि जाळीतून हवा आली. आधी गरम, मग गार. मी हात धरला. बोटं दुखतील इतकी गार.

बाबा स्टिअरिंगवर होते. डावी सीट रिकामी. मी मागे. त्यांनी काचा वर केल्या आणि थांबले.

“नाही आला,” थोड्या वेळाने म्हणाले.

मेकॅनिकने दारातून डोकं आत घातलं. “चालू द्या दोन-चार दिवस, सायेब. नवंनवं आहे. मुरंल.”

त्याला हे काम संपवायचं होतं, आणि त्याच्या परीने ते उत्तम झालंही होतं. बाबांनी त्याचं म्हणणं खरं धरलं. रोज दुपारी, ऊन डोक्यावर असताना, ते गाडी काढत आणि तळ्याच्या बाजूने चक्कर मारून येत. परतल्यावर मी विचारायचं सोडून दिलं. चेहऱ्यावर दिसत असे. गॅसमुळे असेल, एकदा म्हणाले. एकदा म्हणाले, पाइपांच्या रबरामुळे. जुनं रबर कुठे मिळेल याची त्यांनी चौकशीही सुरू केली.

मावशी, आईची धाकटी बहीण, गावात राहते. तिच्या घरचं किराणा दुकान आहे. एका दुपारी तिला बाजारातून घरी सोडायचं होतं. तिलाही एसी दाखवावा म्हणून बाबांनी मुद्दाम गाडी काढली. ती मागे माझ्याजवळ बसली, पिशवी मांडीवर घेऊन. थोडं अंतर गेल्यावर तिने नाक वर केलं.

“भाऊजी, पुडी नाही भरली काय?”

“कायची पुडी?”

“एसीतली. ताई भरत होती न.” मग ती माझ्याकडे वळली. “तुले नाही माहीत? वाळा, नागरमोथा अन् संत्र्याची वाळली साल. मलमलच्या फडक्यात बांधून त्या जाळीतून आत सरकवायची. एसीचं पाणी टपकते न आत, त्यानं ते ओलं राहाते. तिले गाडी लागायची, डिझेलचा वास सहन होत नव्हता. दर चैत्रात भाऊजी ऑफिसात गेले का आमी दोघी ते काम करू.”

बाबा गाडी चालवत होते. वेग बदलला नाही.

“मले सांगितलं काऊन नाही?” त्यांनी विचारलं.

मावशी हसायला लागली. तिला गोळ्याची गोष्ट माहीत नव्हती. आम्ही तिला सांगितलीच नव्हती. ती मोकळेपणाने हसत म्हणाली, “मी म्हटलं होतं तिले, सांग म्हणून. तर म्हणे, सांगितलं का ते कंपनीचं नाही म्हणून काढून फेकतील. त्यापक्षा कंपनीचं नाव होऊ दे. अन् तुमी लोकाईले सांगायचे, कंपनीचा वास, कंपनीचा वास! घरी येऊन आमी पोट धरून हसत होतो.”

बाबा नुसतं “हो” म्हणाले. मावशीचं घर आलं. तिची पिशवी त्यांनीच उतरवून दिली.

परत येताना एसी चालूच होता. मावल्याच्या वळणावर त्यांनी तो बंद केला.

मावशीला नंतर मी सगळं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी दुकानातून वाळा आणि नागरमोथा घेऊन आली, घरची वाळलेली संत्र्याची साल आणली, आणि आमच्या स्वयंपाकघरात बसून पुडी बांधली. बाबांनी काही विरोध केला नाही. ती जाळीतून आत सरकवली, एसी लावला. वास आला. चांगला वास होता, पण वाळ्याचा होता, कोणत्याही घरात कूलरपुढे येतो तसा. मावशीने पुडी उघडून साल वाढवली. मग नागरमोथा वाढवला. प्रत्येक वेळी बाबा गाडीत बसत, काचा वर करत आणि थांबत. प्रत्येक वेळी मावशी दाराशी उभी राहून त्यांच्याकडे पाहत असे.

“थोडा तसा आहे,” शेवटच्या पुडीला ते म्हणाले. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले.

“बांधायची मी,” मावशी म्हणाली. “पण किती काय घ्यायचं ते तीच घेत होती. मुठीनं. मी कधी पाह्यलं नाही.”

ती पदराने तोंड दाबून रडायला लागली. बाबांनी गाडी बंद केली, उतरले आणि तिला ओसरीत खुर्ची दिली.

त्या संध्याकाळी कचऱ्याची बादली ठेवण्याच्या जागी ते उभे होते. तिथली फरशी स्वच्छ होती. वाकून त्यांनी भिंतीकडेचा कोपरा बोटाने पाहिला आणि आत आले.

मे महिना सुरू आहे. एसी उत्तम चालतो, पण लावला जात नाही. बाबा काचा खाली करून बाजारात जातात, डोक्याला ओला पंचा बांधून. मागच्या आठवड्यात मेकॅनिक कामाबद्दल विचारायला म्हणून थांबला.

“गार करून राह्यला न, सायेब?”

“एकदम,” बाबा म्हणाले.

तो गाडीत डोकावला. डॅशबोर्डखालची जाळी काढून डाव्या सीटवर ठेवलेली होती. डबा उघडा, तसराळं कोरडं.

“हे लावून देऊ काय? धूळ जाईल आत.”

“राहू दे तशीच,” बाबा म्हणाले. “तिथूनच पुडी भरत होती ती.”